डाव्या खिशातला चाकू

अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये चाकूची पारख माझ्याइतकी कोणाला नाही. मी पारखून घेतलेल्या चाकूंपैकी एक जिच्यासाठी घेतला तिला उघडता आला नाही, एक पोलिसांकडे जमा आहे, आणि तिसऱ्याचं सांगायचं म्हणूनच हे सगळं बोलतोय. बोलतोय म्हणजे खरंच बोलतोय. मला लिहिता फारसं येत नाही. हल्ली फोनमध्ये बोललं की फोन लिहितो, तो बिचारा शाळेत गेला असावा.

आमच्या हिला लकवा मारला त्यानंतर दोन दिवाळ्या होऊन गेल्या. उजवी बाजू गेली. पाय ओढत ओढत चालायला लागली, जीभ जड राहिली, आणि उजवा हात गेला तो गेलाच. व्यायाम करून घ्यायला एक सर घरी यायचे. सुरुवातीला म्हणायचे, "येईल, येईल." मग म्हणायला लागले, "बघूया." शेवटी एक दिवस दारात बूट घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "काका, जेवढं यायचं तेवढं आलंय. आता उगाच मला बोलवू नका." मला काही सुचलं नाही की मी माणसाला चहा विचारतो. म्हटलं, "सर, चहा तरी घेऊन जा." चहा करणारीचाच हात गेलाय हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्या आलं असणार. ती समोर पलंगावरच बसली होती.

आम्ही दोघंच असतो, भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये, एक खोली आणि किचन. मुलगी लग्न होऊन तिकडे रायगडात. मी सकाळी रिक्षा काढतो तो संध्याकाळी येतो. दिवसभर ही एकटी. म्हणून निघायच्या आधी मी सगळं उघडून ठेवायचो. बिस्किटाचा पुडा फोडून बशीत, फरसाण वाटीत, गोळ्या पाकिटातून काढून झाकणात. मला वाटायचं, काय नवरा आहे मी. संध्याकाळपर्यंत बिस्किटं मऊ, फरसाणला मुंग्या, आणि झाकणातली गोळी दुपारची राहिली की रात्रीची, ते तिलाही सांगता येईना.

एकदा क्लच वायर तुटली म्हणून दुपारीच घरी आलो. आत बघतो तर ही किचनमध्ये खाली बसलेली आणि सगळीकडे दूध. पातेल्यातलं दूध उन्हानं नासलं होतं म्हणून तिने फ्रिजमधली पिशवी काढली आणि दाताने फाडायला गेली. पिशवी मधूनच फाटली. दूध गाऊनवर, ओट्यावर, लादीवर. पुसायला वाकली ती बसली, आणि बसली ती उठता येईना. किती वेळ झाला ते तिने सांगितलं नाही, पण लादीवरचं दूध कडेने सुकायला लागलं होतं.

मी आपला नेहमीसारखा. म्हटलं, "राण्या दुधाने आंघोळ करतात, तू लादीला घातलीस."

"उठवा आधी," ती म्हणाली.

उठवलं. गाऊन बदलून दिला, लादी पुसली. मग पलंगावर बसून म्हणाली, "मला एक चाकू आणून द्या. घडीचा. गाऊनमध्ये राहील असा."

"घरात चाकू आहे की."

"तो ओट्यावर असतो. मी इथे असते. तिथपर्यंत जायचं म्हणजे पाय थरथरतो. अंगावर पाहिजे."

"पण मी सगळं उघडून ठेवतो ना."

"मला उघडलेलं नकोय. मला उघडायचंय."

जिभेमुळे तिचं बोलणं चिकट येतं, अर्धं समजून घ्यावं लागतं. हे एकदम स्वच्छ आलं.

आमच्याकडे विळी होती, लग्नातली. पण विळीवर बसायचं म्हणजे खाली बसायचं, आणि उठवायला माणूस लागतो. मी हुशारी केली, विळी ओट्यावर ठेवून दिली. पायाने दाबलेली नसली की विळी कोणाची नसते. ती सरकली आणि हिच्या पायाशेजारी पडली, तिने पाय काढला नाही कारण तो पाय लवकर निघतच नाही. नशिबाने बाजूला पडली. कात्री आणली तर ती डाव्या हातात धरली की कापायचं सोडून कागदाची घडी घालते. मग विळी माळ्यावर गेली, कात्री ड्रॉवरमध्ये, आणि मी चाकू शोधायला निघालो.

आता गंमत बघा. हिच्या अंगावर आधी ठेवायला जागाच जागा होती. साडी नेसायची तेव्हा किल्ली कनवटीला, रुमाल कनवटीला, पदराच्या टोकाला गाठ मारून कायकाय, मंगळसूत्राला सेफ्टीपिना लटकवलेल्या. अख्खं घर अंगावर घेऊन फिरायची. एका हाताने निऱ्या पडत नाहीत, म्हणून साडी गेली. आणि साडीबरोबर त्या सगळ्या जागा गेल्या. राहिला गाऊन. माझ्या खाकी शर्टाला बघा, पँटला बघा, खिसेच खिसे. आणि त्यात ठेवायला काय, तर तंबाखूच्या माव्याची पुडी.

पहिला चाकू भाईंदर पश्चिमेला घेतला, स्टेशनरोडच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून. सेठला म्हटलं, "चाकू दिखाओ. घडीवाला. लेडीज के लिए."

सेठ म्हणाला, "भाई, चाकू में लेडीज-जेंट्स नहीं आता. चाकू में चाकू आता है."

"तो भी. गाऊन में रहना चाहिए. हलका."

त्याने बराच वेळ खालच्या खणात हात घालून एक काढला. किल्लीला लावायचा, बोटाएवढा, गुलाबी. "ये लो. लेडीज."

गुलाबी होता, म्हणजे माझी खात्रीच पटली. पातं उघडून बघितलं, झटकन उघडलं. म्हटलं, झालं काम. मी दोन हातांनी उघडून बघतोय हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही.

घरी हिने डाव्या हातात घेतला. पात्याला नख अडकवायला जी खाच असते ती पलीकडच्या बाजूला. उलटा धरला तर मूठ उलटी. मांडीखाली दाबून बघितलं, गुलाबी चाकू मांडीखालून सटकून पलंगाखाली. शेवटी तिने तो दातात धरला.

"परत दात?" मी म्हटलं.

"मग तुम्ही दाखवा एका हाताने उघडून."

आपल्याला काय, मी उजवा हात पाठीमागे घेतला आणि डाव्याने सुरू. तो उघडला, मला वाटलं नव्हतं एवढा जोरात उघडला, आणि अंगठ्यात बसला. रक्त. पट्टी बांधायची तर अंगठा बांधायला एका हाताने गाठ बसेना. एक टोक मी धरलं, एक टोक तिने धरलं. दोघांत मिळून एक गाठ मारली. ती गाठसुद्धा लगेच सुटली.

दुसरा चाकू काशीमीऱ्याला मिळाला. क्लच वायर परत तुटली, ती टाकायला गॅरेजला गेलो होतो, तिथे एक ट्रकवाला दोरी कापत उभा होता. खिशातून काढला, बटण दाबलं, खट्. एका हाताने. मी बघतच राहिलो. परत परत करायला लावलं त्याला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "तू ही रख ले, बाबा." पैसे घेतले त्याने, पण असं म्हणाला. चाकू खिशात टाकून मी निघालो, आणि हायवेच्या तोंडाशी नाकाबंदी.

हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला सांगितली. कागद बघितले, कागद बरोबर होते. माझं तोंड बरोबर नसावं. "खिशात काय आहे?"

"चाकू, साहेब."

बहुतेक लोक असं लगेच सांगत नसावेत. त्याने हातात घेतला, बटण दाबलं, खट्. "कशाला लागतो हा?"

"बायकोसाठी, साहेब."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काय केलं बायकोने?"

"काही नाही, साहेब. तिला दुधाची पिशवी फोडायचीय."

"दुधाची पिशवी फोडायला बटणाचा चाकू?"

"एका हाताने उघडतो ना, साहेब, म्हणून."

"एका हाताने उघडतो म्हणूनच बंदी आहे," तो म्हणाला. "फोन लाव बायकोला."

लावला. स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "ताई, तुमचे मिस्टर चाकू घेऊन फिरतायत. म्हणतात तुमच्यासाठी आहे." तिकडून ही बोलायला लागली. घाबरली की तिची जीभ जास्तच जड होते. "माझ्यासाठीच... पण असला... असला नव्हता सांगितला..." हवालदाराने फोनवर हात धरून मला विचारलं, "घेतलीय का ह्यांनी?"

म्हटलं, "नाही, साहेब. लकवा आहे."

त्याने हात काढला, फोनला म्हणाला, "ठीक आहे, ताई, येतायत ते." फोन मला दिला, चाकू स्वतःकडे ठेवला. आणि म्हणाला, "जा." मीसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा कोणाला चहा न विचारता निघालो.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आधी ठेवायचं कुठे ते बघा. मग चाकू बघा." ते मला पटलं. म्हणजे तिने सांगितलं तेव्हा पटलं.

पुढच्या रविवारी मी अभ्यासाला लागलो. तिचा खिसा असलेला एकच गाऊन होता, निळ्या फुलांचा, तो अंगात घातला. उजवा हात टॉवेलने कमरेला बांधून घेतला, म्हणजे अगदी तिच्यासारखं. चाकू नव्हता म्हणून खिशात दहा नंबरचा पान्हा टाकला. पान्ह्याच्या वजनाने गाऊनचा गळा एका बाजूला ओघळला, खांदा उघडा. आणि खिसा उजवीकडे. डावा हात पोटावरून तिथे नेतोय तर खिसा मागे मागे जातोय. मी त्याच्या मागे फिरतोय. खोलीच्या मध्यभागी मी नुसता गोल गोल. ही पलंगावरून बघतेय.

तेवढ्यात बेल वाजली.

"बघा कोण आहे," ती म्हणाली. ती उठून जाईपर्यंत आलेलं माणूस निघून जातं, म्हणून दार मीच उघडतो. तसंच उघडलं.

दारात मुर्धा गावची मावशी. रविवारची मासळी घेऊन येते आमच्याकडे, वर्षानुवर्षं. टोपली तिने खाली ठेवली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि म्हणाली, "काय रं, हात बांधून घातला का बायकोनं?"

"नाही, मावशी. खिसा बघतोय. तिला चाकू ठेवायचाय."

"तिचा हात कंचा चालतो?"

"डावा."

"मंग खिसा उजवीकडं कशाला ठेवलास?"

"मी नाही ठेवला. गाऊनवाल्याने ठेवलाय."

"गाऊनवाल्याची बायको हाय का ती?"

आतून आवाज आला. मला आधी वाटलं हिला ठसका लागला. ती हसत होती. झटक्यानंतर तोंडाची एकच बाजू हसते तिची, दुसरी तशीच राहते. जी बाजू हसत होती ती मी दारातून बघितली. मावशीने बघितली, आणि मग तिने मान खाली घालून टोपलीतले बोंबील मोजायला घेतले.

मावशीने आपली कमर दाखवली. तिची पिशवी डावीकडे खोचलेली, कारण उजव्या हातात कोयता असतो. "हात जातो तिथं पिशवी," म्हणाली. "पिशवी हाय तिथं हात न्हाय नेत कोन."

बिल्डिंगखालच्या टेलरकडे सगळे गाऊन नेले. तो म्हणाला, "लेफ्ट में? लेफ्ट में कौन लगवाता है?" म्हटलं, "जिसका राईट गया वो." त्याने मग टेप काढली. सगळ्यांना डावीकडे खिसे आले, तळाला कापड दुहेरी, आणि गळा ओघळू नये म्हणून आतून खांद्यापर्यंत एक पट्टी. ती पट्टी हिने सुचवली. शिवणकाम येतं तिला. यायचं.

मग चाकू. मी फोनला सांगितलं, "बायकोच्या गाऊनमध्ये राहील असा चाकू दाखव." फोनने गाऊन दाखवले. बरेच दिवस शोधलं, प्रत्येक चाकू डाव्या हातात धरलाय असं समजून फोन उलटा करून बघायचो. शेवटी एक सापडला. पात्यालाच आरपार भोक. भोकात अंगठा घालायचा आणि सारायचं. आरपार असल्यामुळे डावा उजवा प्रश्नच नाही. टोक बोथट, म्हणजे गाऊनला भोक नाही. वजनाला हलका. बंद करायला मांडीवर दाबला की झालं. मागवला.

पार्सल दुपारी आलं, आणणाऱ्या पोराला दारात थांबायला मी आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं. तिचा फोन आला, "आलंय."

"उघडलंस?"

ती म्हणाली, "तुम्ही या."

संध्याकाळी गेलो. खोका मांडीवर घेऊन बसली होती. सगळीकडून चिकटपट्टी, आणि कोपऱ्यावर दातांचे व्रण. मी रिक्षाच्या चावीने पट्टी टरकन फाडली. व्रण मला दिसले. दिसले म्हणूनच मी म्हटलं, "चाकूचं पार्सल उघडायला आधी एक चाकू मागवायला पाहिजे होता." ती व्रण होता तिथे अंगठा फिरवत बसली.

पण चाकू बरोबर निघाला. हे मी सांगतो म्हणून नाही. पहिल्या दिवशी तिचा अंगठा भोकातून सटकायचा. मी निघालो की ती सराव करायची. खिशात हात, चाकू बाहेर, खट्, मांडीवर दाबून बंद, परत खिशात. आठवडाभरात असं करायला लागली की बघत राहावं. स्टँडवर मी सगळ्यांना सांगितलं, आमची ही एका हाताने चाकू उघडते. एक जण म्हणाला, "मग घरी वेळेवर जात जा." मी मावा न खाता सगळ्यांना चहा पाजला. वाटलं, एक गोष्ट तरी आपल्या हातून झाली.

मग रविवारी सकाळी ती म्हणाली, "आज चहा मी करते. तुम्ही बाहेर बसा."

मी बाहेर बसलो म्हणजे किचनच्या दारात उभा राहिलो, आमच्याकडे बाहेर म्हणजे तेवढंच. तिने फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली, ओट्यावर ठेवली, पातेलं शेजारी ठेवलं. निळ्या फुलांचा गाऊन. डाव्या खिशात हात गेला, चाकू आला, खट्. मला टाळी वाजवावीशी वाटली.

तिने पातं पिशवीच्या कोपऱ्यावर टेकवलं आणि दाबलं. पिशवी सरकली. तिने चाकू खाली ठेवला, पिशवी ओढून भिंतीला लावली, चाकू उचलला, टेकवला. पिशवी पुढे सरकू शकत नव्हती म्हणून बाजूला सरकली. ओली पिशवी, गुळगुळीत ओटा. परत चाकू ठेवला, परत पिशवी ओढली. मग तिने डाव्या हाताने उजवा हात उचलला, आणि लोणच्याच्या बरणीवर दगड ठेवतात तसा पिशवीवर ठेवला. चाकू घेतला. दाबला. हाताखालून पिशवी हळूच निघाली, हात ओट्यावर पालथा पडला, तिथून कडेवरून खाली लोंबायला लागला, आणि पिशवी गेली सिंकमध्ये.

ती उघडा चाकू हातात धरून सिंककडे बघत उभी राहिली.

मी धावलो. मला राहवतं कुठे. सिंकमधून पिशवी काढली, पातेल्यावर दोन्ही हातांनी घट्ट ताणून धरली. म्हटलं, "हां, आता काप."

तिने कोपऱ्यावर पातं ठेवलं आणि नुसतं ओढलं. लोण्यासारखा कोपरा निघाला. दूध पातेल्यात पडलं, एक थेंब बाहेर नाही.

"बघ," मी म्हटलं, "काय कापतो. सांगत होतो ना मी तुला, हाच चाकू."

तिने चाकू मांडीवर दाबून बंद केला. खिशात टाकला. खांद्याकडची पट्टी सारखी केली.

"पिशवी तुम्ही धरलीत," म्हणाली.

"मग? रोज धरीन की."

"दुपारी तुम्ही स्टँडवर असता. आणि घरी असलात, तर मला चाकू लागतोय कशाला?"